आधीचा डॉक्टर

आमचे सर आयुष्यभर ज्या एका डॉक्टरला नावं ठेवत आले, तो डॉक्टर म्हणजे ते स्वतःच. हे कळायला मला त्यांच्या दवाखान्यात एक आठवडा लागला. तोवर माझी समजूत अशी, की घोडेगावात त्यांचा कुणी जुना भागीदार असणार, भांडून निघून गेलेला, आणि त्यानं घालून ठेवलेले घोळ हे बिचारे निस्तरताहेत.

त्याचं असं होतं. एखादा पेशंट तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आला, की सर त्याला बसवायचे, त्याचा केसपेपर पालथा घालायचे आणि काही न बोलता बाहेर निघून जायचे. पेशंट माझ्याकडे बघायचा, मी छताकडे. दोन मिनिटांनी दारावर टकटक व्हायची. सर आत यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. मी नवीन डॉक्टर. काय त्रास होतोय आपल्याला? अगदी पहिल्यापासून सांगा."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. समोरच्या आजोबांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "अवो डॉक्टर, मीच न्हाई का, परवा आलतो?"

"परवा तुम्ही आधीच्या डॉक्टरला भेटलात," सर म्हणाले. "तो काही धड माणूस नाही. काय सांगितलं त्यानं?"

आजोबांनी सांगितलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "गाढव आहे. चला, शर्ट काढा."

आसपासच्या गावांना हे अंगवळणी पडलं होतं. डोंगरातल्या एसटीनं आलेली माणसं तहसीलातलं काम उरकून दवाखान्यात डोकवायची आणि कंपाउंडरकाकांना विचारायची, "आज जुना हाय का नवा?" नवा असला तर दुपारची गाडी चुकणार, हे त्यांना ठाऊक असायचं. पण गंमत अशी की लोक नव्या डॉक्टरशी जास्त मोकळं बोलायचे. खोकल्यानं बेजार झालेली एक म्हातारी या नव्या डॉक्टरच्या कानाशी लागून म्हणाली, "खरं सांगू का? त्या आदल्या डॉक्टरच्या गोळ्या म्या घेतल्याच न्हाईत. लई कडू व्हत्या. पर त्यांला सांगू नका, लई खेकसत्यात."

"नाही सांगत," सर म्हणाले. तेही इतक्या गंभीरपणे की मला खोलीबाहेर जाऊन हसावं लागलं.

मी तेव्हा नुकती एमबीबीएस झाले होते. आमचं गाव निरगुडसर. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता हात चालू राहावा म्हणून वडिलांनी मला ओळखीनं सरांकडे चिकटवलं होतं. वर्षभरासाठी गेले आणि आजतागायत तिथंच आहे. सर आता लेकीकडे नाशिकला असतात, दवाखाना मी चालवते आणि दर रविवारी फोनवर त्यांच्या शिव्या खाते. मला पहिल्यापासून पटकन उत्तर द्यायची खोड. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणाऱ्या ज्या मुली असतात ना, त्यातली मी. सरांना ही खोड दुसऱ्याच दिवशी दिसली आणि त्यांनी तिच्यावर एक शब्द काढून ठेवला. तो शब्द म्हणजे "आणि?"

मी म्हणायचे, "सर, पित्त आहे." सर म्हणायचे, "आणि?" मी म्हणायचे, "सर, साधी सर्दी." सर म्हणायचे, "आणि?" सुरुवातीला मला याचा इतका राग यायचा की घरी जाऊन मी आईवर चिडायचे.

मग एकदा एसटीच्या कंडक्टरनं एका माणसाला धरून आणलं. माणसाला उभं राहता येत नव्हतं, तोंडातून लाळ गळत होती आणि वास तर दारापर्यंत येत होता. कंडक्टर म्हणाला, "ह्यो आमचा रोजचाच गडी हाय राव, टाकून आलाय. जरा पडू द्या हितं." मीही मान डोलावली. सर बाहेर आले.

"प्यायलाय, सर," मी म्हणाले.

"प्यायलाय. आणि?"

"आणि काय? वास येतोय की."

"अहो, प्यायला म्हणून माणूस आजारी पडायचा थांबतो का?" असं म्हणून सर खाली वाकले आणि त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. माणूस सकाळपासून टोमॅटोवर फवारणी करत होता, तोंडाला फडकं न बांधता, आणि मग प्यायला होता. फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली एक मी नाकानं ओळखली आणि दुसरीकडे बघायचं सोडून दिलं. औषधं वेळेत मिळाली म्हणून तो वाचला. त्यानंतर मला "आणि?"चा राग येणं बंद झालं, निदान कमी तरी झालं.

पुण्याहून फायली घेऊन येणाऱ्या पेशंटांशी सर वेगळ्याच तऱ्हेनं वागायचे. फाईल हातात घ्यायचे आणि तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर ठेवायचे. "सव्वा किलो," ते जाहीर करायचे. "एवढं लिहिलंय म्हणजे विचार कुणीच केलेला नाही." मग फाईल ड्रॉवरमध्ये जायची आणि पेशंटला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागायचं. फाईल सर वाचायचे, नाही असं नाही, पण सगळ्यात शेवटी. त्यांचं म्हणणं असं, की आधी दुसऱ्याचं निदान वाचलं की आपण पेशंट बघतच नाही, ते निदान बरोबर कसं आहे तेवढंच बघतो. एका डॉक्टरनं पेन्सिलीनं लिहिलेला अंदाज चौथ्या डॉक्टरपर्यंत पोचतो तेव्हा तो पक्क्या शाईचा झालेला असतो.

एवढं सगळं कळणारा माणूस कधी फसत नसेल असं मला वाटायला लागलं होतं. मी सरांची भक्तच झाले होते म्हणा ना. आणि सरांनाही, खरं सांगायचं तर, आपल्या जमलेल्या निदानांचा फार अभिमान होता. चुका ते गंमत म्हणून सांगायचे, पण जमलेली निदानं दहा-दहा वेळा सांगायचे. लोणी गावच्या शेवंताबाईंचं निदान त्यातलं सगळ्यात लाडकं.

शेवंताबाई चाळिशीच्या. नवरा बबनराव, दोन एकर ऊस, बाकी कांदा, दावणीला दोन म्हशी. त्यांना ताप यायचा आणि जायचा, पहाटे घामानं पातळ भिजायचं, सांधे धरायचे. तीन ठिकाणी टायफॉईड म्हणून सलाईनं लावून झाली होती. मग कंबर धरली. मग एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, बाईमाणसाचं कंबरेचं दुखणं आहे, वाकू नका. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा सरांनी फाईल ड्रॉवरमध्ये टाकली, कण्यावरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. फोटो काढला, पुण्याला एमआरआय केला, तर मणका कुरतडलेला. सर म्हणाले, "मणक्याचा क्षय. हा टायफॉईड नाही की कंबरदुखी नाही."

सुईनं काढलेल्या तुकड्यात ठाम काही सापडलं नाही. "मणक्यातनं बऱ्याचदा सापडत नाही," सर म्हणाले, आणि ते खरंही होतं. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात ताप गेला. दुसऱ्या महिन्यात शेवंताबाई स्वतः चालत दवाखान्यात आल्या, घरच्या तुपाची बरणी घेऊन. सरांनी ती गोष्ट त्या आठवड्यात येईल त्याला सांगितली. औषध विकायला आलेल्या पोरालासुद्धा सोडलं नाही.

दिवाळीनंतर ताप परत आला. डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, आणि मग तो पाय जिना चढताना अडखळायला लागला.

तिसऱ्या खेपेला सर रिवाजाप्रमाणे बाहेर गेले, टकटक करून आत आले, नमस्कार केला आणि पहिल्यापासून विचारलं. मी शेजारीच बसले होते. एकही प्रश्न त्यांनी सोडला नाही. आमच्या भागात मेंढरांमुळे होणारा एक ताप आहे, तोही असाच येतो-जातो, सांधे धरतो आणि क्वचित मणकाही खातो. सरांनी तेही विचारलं.

"घरी मेंढरं आहेत का?"

"न्हाई जी. सासऱ्यांनी कवाच इकली. आता ऊस अन् कांदा." हे सांगताना शेवंताबाईंचा आवाज जरा ताठ झाला होता, ते मला आठवतंय.

मी केसपेपरवर लिहिलं, "मेंढ्या: नाहीत." सर म्हणाले, "क्षयच आहे. गोळ्यांना दाद देत नसलेला क्षय." पुण्याचे सर्जन म्हणाले, मणक्यातला पू नसेवर दाबतोय, ऑपरेशन करू. ते सर्जन सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी एकदा विचारलंही होतं, "सर, दुसरं काही असेल का?" आणि सर त्यांच्यावर फोनवर उखडले होते. "पहिल्या महिन्यात ताप उतरला तो काय माझ्या तोंडाकडे बघून?" असं काहीतरी ते म्हणाले. गुरुवारचं ऑपरेशन ठरलं.

त्याआधीच्या रविवारी सकाळी शेवंताबाई रक्ताच्या तपासणीला यायच्या होत्या. आल्या नाहीत. मी बबनरावांना फोन लावला.

"ती निरगुडसरला गेलीया, म्याडम. मेंढी अडलीय."

"कुणाची मेंढी?"

"तिच्या भावाची. मेंढरं बसलीत तिथं, पाटाच्या कडंला."

शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवतात हे ठाऊक होतं; शेवंताबाईंच्या माहेरची माणसं अजून कळप घेऊन हिंडतात, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. पण ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. डोक्यात शिरला तो फक्त राग. मणका असा, पाय असा, चार दिवसांवर ऑपरेशन, आणि ही बाई मेंढीच्या मागे! माझं घर त्याच गावात, म्हणून मी स्कूटी काढली आणि थेट रानात गेले.

शेवंताबाई मातीत एका कुशीवर आडव्या होत्या, कारण बसवत नव्हतं. बाही खांद्यापर्यंत सारलेली, हात कोपरापर्यंत मेंढीत. भाऊ मेंढीचं डोकं धरून बसला होता. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात कोकरू बाहेर आलं, ते मेलेलंच.

"तिसरं हाय ह्या आठवड्यातलं," भाऊ म्हणाला. "दोन मेंढ्यांनी तर गाभच टाकला. पर अक्का नसती तर मेंढीबी गेली असती. हिच्यावानी हात कुनाचा न्हाई. लग्नाआधीपासनं हीच करती."

मी शेवंताबाईंना वाट्टेल ते बोलले. त्या मातीनंच हात पुसत म्हणाल्या, "भावाची मेंढी अडल्याव मी घरी बसू व्हय?" मी त्यांना रिक्षात घालून लोणीला पाठवलं आणि तणतणत घरी जेवायला गेले. हे मी मुद्दाम सांगतेय. मी डॉक्टर आहे, मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, तिसरं मेलेलं कोकरू हे शब्द कानांनी ऐकले, आणि मला मणक्याशिवाय काही दिसलं नाही.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी मी सरांना ती हकिगत रंगवून सांगितली, पेशंट किती अडाणीपणा करतात त्याचा नमुना म्हणून. बाईंचं आडवं पडणं, भावाचं कौतुक, सगळं नक्कल करून. सर हसत होते. मग हसायचे थांबले.

"हातात मोजे होते?"

"मेंढपाळाकडे कुठले मोजे, सर?"

"किती कोकरं मेली म्हणालात?"

मी सांगितलं, आणि सांगता सांगताच मलाही ते दिसलं. सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी विचारलं, घरी मेंढरं आहेत का. लग्न झालेल्या बाईला मी घरचं विचारलं. माहेरचा कळप ती कशाला सांगेल? तो तिचा थोडाच आहे." आणि थोड्या वेळानं, "नवा डॉक्टर आला खरा. पण जुन्याचा अभिमान घेऊनच आला."

त्याच जागी बसून त्यांनी पुण्याला फोन लावला. दार उघडं होतं, बाहेर पंधरा-वीस माणसं बसलेली. मी दार लोटायला उठले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"ऑपरेशन थांबव," ते फोनवर म्हणाले. "क्षय नसावा. मेंढ्यांचा ताप असावा. हो, हो, मीच सांगितलं होतं क्षय म्हणून. मी चुकलोय." मग जरा थांबून, "नाही, खात्री नाही. गेल्या वेळी खात्री होती, तिचं काय झालं ते बघतोयस ना?"

सर्जन भला माणूस. त्यांनी पंधरा दिवस दिले. पण पायातली ताकद आणखी कमी झाली तर त्याच दिवशी पेशंट पाठवायचा, नाहीतर पाय कायमचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं.

त्याच दुपारी आम्ही लोणीला गेलो. शेवंताबाई पडवीत पडल्या होत्या. बबनरावांनी खुर्च्या मांडल्या, पण सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "माझं चुकलं. हा क्षय नसावा. मेंढ्यांची कोकरं काढताना लागलेला आजार असावा. रक्त तपासायचंय, आणि बहुतेक औषध बदलावं लागेल."

बबनरावांनी मांडलेली खुर्ची परत भिंतीला लावली. "चार महिनं, डॉक्टर. चार महिनं तिनं त्या गोळ्या खाल्ल्या. सकाळच्याला उलट्या काढल्या. समदी म्हणली, सोडून दे, तर ही म्हणली, डॉक्टरांनी सांगितलंय."

"हो."

"अन् आता तुमी म्हणता, दुसरंच हाय."

"हो."

"मंग उद्या येऊन तिसरं सांगाल."

"दिसलं तर सांगेन," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मला सरांची इतकी कीव आली आणि बबनरावांचा इतका राग आला, की मी मध्ये बोलणार होते. पण बबनरावांचं काय चुकत होतं? त्यांच्या बायकोचा पाय जात होता.

शेवंताबाई कूस बदलून कोपरावर रेलल्या. "तुमी इचारलं तवा म्या खोटं न्हाई बोलले हां, डॉक्टर. आमच्या घरी न्हाईतच मेंढरं. हात लावती का म्हणून इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

"तुमचं काही चुकलं नाही. मी नीट विचारलं नाही."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "सा डॉक्टर केलं आपून. आपलं चुकलं म्हणून सांगाय दारात आला, असा ह्यो एकच. ह्याचंच औषध घ्यायचं." आणि माझ्यापुढे हात केला. "घ्या रगात."

रिपोर्ट बुधवारी आला. मेंढ्यांचाच ताप होता, संशयाला जागा नव्हती. मौज अशी, की क्षयाच्या औषधांतली एक गोळी या आजारावरही चालते. पहिल्या महिन्यात ताप उतरला तो तिच्यामुळे, अर्धामुर्धा. त्या अर्ध्यामुर्ध्या गुणालाच आम्ही पुरावा मानून बसलो होतो.

मग ते पंधरा दिवस. रोजचं इंजेक्शन द्यायला सर स्वतः लोणीला जायचे, मागच्या सीटवर मी. इंजेक्शन झालं की ते शेवंताबाईंच्या डाव्या तळव्याला हात लावायचे आणि म्हणायचे, "ढकला." त्या ढकलायच्या. सर कागदावर पायातल्या जोराचा आकडा लिहायचे, शून्य ते पाच, आणि कागद खिशात. मग मला खोलीत एकटीला पाठवायचे. मी तसंच करायचं, माझा आकडा लिहायचा, पण त्यांना दाखवायचा नाही. आमच्या चिठ्ठ्या कंपाउंडरकाका ठेवून घ्यायचे.

"हे कशासाठी, सर?" मी विचारलं.

"कारण तो जोर वाढलेला मला हवाय. फार हवाय. म्हणून माझ्या हातावर सध्या विश्वास ठेवू नका."

मलाही तो तितकाच हवा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी काकांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. सरांचे आकडे पहिल्या आठवड्यातच वर चढायला लागले होते. माझे तसेच पडून होते, दहाव्या दिवसापर्यंत. "बघा," सर म्हणाले, "माझा हात आशेनं फुगलाय." पण अकराव्या दिवसापासून माझेही आकडे चढत होते. ते दोन्ही कागद सरांनी फोटो काढून पुण्याला पाठवले. सर्जननी ऑपरेशन रद्द केलं. सर आत जाऊन तोंड धुऊन आले, आणि मी तोंडसुद्धा न धुता टेबलाशीच रडले.

औषध पुढं तीन महिने चाललं. गुरांच्या सरकारी डॉक्टरांना घेऊन आम्ही भावाच्या कळपाचीही तपासणी करून घेतली, लागण झालेल्या मेंढ्या वेगळ्या काढल्या. हे सोपं नव्हतं, भाऊ दोन दिवस कुणाशी बोलला नाही. सरांनी लांब बाह्यांचे रबरी मोजे मागवले आणि शेवंताबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले आणि परत केले.

"मोजं घातल्याव हाताला दिसत न्हाई, डॉक्टर. आत कोकराचा पाय हाय का मान हाय, कळणार कसं?"

मी आजाराची भीती घालायला सुरुवात केली. सरांनी मला गप्प केलं. "खरं असेल त्यांचं. आपल्याला काय माहीत? मी मोजा घालून बघतो. मला नाहीतरी उघड्या हातानंही काही कळणार नाही. दोघं मिळून शिकू."

मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाले. पण पुढच्या हिवाळ्यात मेंढरं पुन्हा पाटाच्या कडेला बसली, आणि एका सकाळी शेवंताबाईंचा फोन आला, "मेंढी अडलीय, येताय का शिकाय?" सत्तरीचा माणूस दवाखाना तसाच टाकून निघाला. मी गाडी काढली.

सर रानात गुडघ्यांवर बसले. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत मोजा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी शेवंताबाई, त्यांच्याही हातात मोजा. भाऊ मेंढी धरून, बबनराव आणि चार-पाच माणसं भोवती. सरांनी डोळे मिटले, हात आत सारला, आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा उजळला.

"डोकं! डोकं लागलं हाताला. सरळ आहे. ओढू का?"

"वढू नका," शेवंताबाई म्हणाल्या. "नाक लागतंय का?"

सर चाचपडले. "नाही."

"कान? तोंड?"

"...नाही."

"मंग डोकं कशावरनं? गुडघा हाय त्यो. पाय दुमडून बसलंय. जरा मागं सारा अन् परत बघा. सावकाशीनं. मेंढी कुठं पळून चाललीय?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. डोळे तसेच मिटलेले, ते मन लावून पुन्हा चाचपत होते. आणि मग म्हणाले, "खरंच की हो! गुडघाच आहे!" इतक्या आनंदानं त्यांनी एकही बरोबर निदान कधी सांगितलेलं मला आठवत नाही.

त्यांनी हात काढून घेतला. शेवंताबाईंनी आपला मोजा घातलेला हात आत घातला, दुमडलेला पाय सोडवला, आणि दोन कळांत कोकरू बाहेर आलं. क्षणभर काही हललं नाही. मग ते शिंकलं आणि बें करून ओरडलं. भाऊ "जित्तं हाय, जित्तं हाय" म्हणत मेंढीला थोपटायला लागला. शेवंताबाईंनी कोकराचं नाक पुसलं, त्याला छातीशी धरलं आणि तशाच, कुणाचाही हात न घेता, मातीतून उठून सरळ उभ्या राहिल्या. बाकीचे सगळे कोकराकडे बघत होते. सर खाली बसूनच त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते.